माइनक्राफ्ट बंद पडलं आणि समोरचा म्हणतोय ‘लॉग पाठवा’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः माइनक्राफ्टच्या जावा एडिशनसाठी आहेत, कारण मॉड (गेममध्ये भर घालणारे, इतरांनी बनवलेले जोड) टाकून खेळणारे सगळ्यांत जास्त तिथेच अडकतात. इतर गेमबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. फाइल आणि फोल्डरची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

मी काय झालं ते सगळं सांगितलंय. मग लॉग कशाला हवा?

‘गेम उघडतो आणि लगेच बंद होतो’ या वाक्यामागे डझनभर वेगळी कारणं असू शकतात. जावाची (गेम ज्याच्यावर चालतो त्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती चुकलेली असते, एका मॉडला लागणारं दुसरं मॉड नसतं, ग्राफिक्स ड्रायव्हर जुना असतो, मेमरी संपलेली असते. बाहेरून मात्र सगळं सारखंच दिसतं.

सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत आपण काय केलं, हे गेम वेळेसकट एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहीत जातो. तीच लॉग फाइल. गेमची आणि जावाची आवृत्ती, मॉडची यादी, शेवटी नेमकं कुठे घोडं अडलं, हे त्यातून तुम्हाला न विचारताच कळतं. लॉग न बघता दिलेला सल्ला म्हणजे अंदाज: ‘ड्रायव्हर अपडेट करा, नाहीतर गेम काढून पुन्हा टाका.’ यातलं दुसरं, म्हणजे गेम काढणं, लॉग पाठवायच्या आधी अजिबात करू नका. दोष बहुधा जागेवरच राहतो आणि तो शोधायचा पुरावा तेवढा जातो.

माझ्याकडे जावा एडिशन आहे की बेडरॉक, हे कसं ओळखू?

मोबाइल, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन किंवा स्विचवर खेळत असाल तर बेडरॉक. संगणकावर दोन्ही चालतात. लाँचरच्या (गेम सुरू करणाऱ्या अ‍ॅपच्या) डाव्या बाजूच्या यादीत नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. फोर्ज, निओफोर्ज, फॅब्रिक किंवा क्विल्ट या मॉड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काही टाकलं असेल तर ती जावाच.

विंडोजवर लॉग नेमका कुठे असतो?

विंडोजचं बटण दाबून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात टक्क्याचं चिन्ह, त्याला लागून अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं टाइप करून एंटर दाबा; मध्ये मोकळी जागा सोडू नका. जे फोल्डर उघडेल त्यात डॉट-माइनक्राफ्ट असेल, त्याच्या आत लॉग्ज, आणि त्यात ‘लेटेस्ट’ नावाची फाइल. हीच हवी.

अ‍ॅपडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. त्यामुळे सी ड्राइव्हमधून क्लिक करत करत जाणाऱ्यांना ते सापडत नाही आणि ‘माझ्याकडे हे फोल्डरच नाही’ असा निरोप येतो. वरच्या चौकटीने ही अडचण टळते. दुसरी सोपी वाट म्हणजे अधिकृत लाँचरमधला इन्स्टॉलेशन्सचा भाग. तिथे हव्या त्या ओळीवर माउस नेलात की फोल्डरचं छोटं चित्र दिसतं. त्यावर क्लिक केलं की त्या इन्स्टॉलेशनचं फोल्डर उघडतं. तुम्ही कधी गेमचं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवलं असेल तर हीच वाट धरा.

‘लेटेस्ट डॉट लॉग’ म्हणताय, मला नुसतं ‘लेटेस्ट’ दिसतंय.

तीच. विंडोज ओळखीच्या फाइलींच्या नावातला शेवटचा भाग दाखवत नाही.

मी कर्सफोर्ज, प्रिझम किंवा मॉड्रिंथमधून खेळतो. डॉट-माइनक्राफ्टमधला लॉग जुन्या तारखेचा का दिसतोय?

कारण तो तुमच्या या खेळाचा नाहीच. हे लाँचर प्रत्येक मॉडपॅकसाठी (एकत्र बांधलेल्या मॉडच्या संचासाठी) वेगळं फोल्डर करतात आणि त्या पॅकचे लॉग त्याच फोल्डरमध्ये पडतात. चुकीच्या फोल्डरमधला लॉग पाठवणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत जास्त वेळा होणारी गडबड आहे. मागच्या वर्षीचा, मॉडविना चाललेला, व्यवस्थित बंद झालेला लॉग येतो आणि बघणारा तासभर डोकं खाजवतो.

कर्सफोर्जमध्ये पॅक उघडून तीन टिंबांच्या मेनूतून फोल्डर उघडा, त्यात लॉग्ज सापडेल. मॉड्रिंथच्या अ‍ॅपमध्ये पॅकच्या आतच लॉग्जचा वेगळा भाग आहे. प्रिझममध्ये तर सगळ्यांत सोपं: पॅक निवडा, एडिट दाबा, डावीकडे माइनक्राफ्ट लॉग निवडा, तिथे अपलोडचं बटण आहे, ते दाबलं की थेट दुवा मिळतो.

काहीही असो, पाठवण्याआधी फाइलची तारीख आणि वेळ बघा. गेम आत्ता बंद पडला असेल तर फाइलही आत्ताचीच हवी.

मॅक आणि लिनक्सवर?

मॅकवर फाइंडरच्या गो मेनूत गो टू फोल्डर आहे. तिथे टिल्ड चिन्ह, तिरकी रेघ, लायब्ररी, तिरकी रेघ, अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, तिरकी रेघ, माइनक्राफ्ट असं टाका. लिनक्सवर होम फोल्डरमध्येच डॉट-माइनक्राफ्ट असतं. टिंबाने सुरू होणारी नावं लपलेली असतात, कंट्रोल आणि एच दाबलं की बहुतेक फाइल मॅनेजर ती दाखवतात. फ्लॅटपॅकमधून लाँचर टाकला असेल तर सगळं डॉट-व्हार, अ‍ॅप या फोल्डरखाली जातं.

लॉग, क्रॅश रिपोर्ट आणि ‘एचएस ईआरआर’ असं काहीतरी, तीन वेगळ्या फाइली दिसतात. कोणती पाठवू?

असतील तेवढ्या सगळ्या. तिघींचं काम वेगळं आहे.

लॉग म्हणजे पहिल्या क्षणापासूनची हकिगत. क्रॅश रिपोर्ट तेव्हाच तयार होतो जेव्हा गेमला स्वतःलाच आपण कोसळतोय हे समजतं आणि दोन शब्द लिहून ठेवायला अवधी मिळतो. तो डॉट-माइनक्राफ्टमध्येच क्रॅश-रिपोर्ट्स या फोल्डरात तारीख-वेळेच्या नावाने असतो. त्यात वरती एक वर्णनाची ओळ असते: गेम सुरू होताना पडला, चित्र काढताना पडला, की एखाद्या प्राण्याची किंवा वस्तूची हालचाल करताना पडला. शेवटचा प्रकार असेल तर त्या वस्तूचे नकाशातले आकडेसुद्धा दिलेले असतात, म्हणजे तुमच्या जगातला कोणता कोपरा बिघडलाय ते कळतं. सगळ्यात खाली सिस्टिमची माहिती असते. तो भाग नक्की ठेवा.

क्रॅश रिपोर्टच्या अगदी वर एक गमतीची ओळ असते, ‘तू असं का केलंस?’ किंवा ‘मला आता वाईट वाटतंय’ अशा अर्थाची. ती दर वेळी यादीतून सोडत काढल्यासारखी उचलली जाते. लहान मुलं ती वाचून घाबरतात, आपल्याकडून खरंच काही मोडलं असं त्यांना वाटतं. तिचा बिघाडाशी काहीही संबंध नाही.

तिसरी फाइल, जिचं नाव एचएस, ईआरआर, पीआयडी आणि मग एक आकडा असं असतं, ती गेमची नाही. ती जावाची आहे. गेम ज्याच्यावर उभा आहे ती जावाच कोसळली की ती तयार होते, आणि अशा वेळी क्रॅश रिपोर्ट बहुधा नसतोच. ही फाइल थेट गेमच्या फोल्डरमध्ये पडलेली सापडते. दिसली तर जपून ठेवा, कारण ड्रायव्हरचा दोष बऱ्याचदा फक्त तिच्यातच दिसतो.

फोर्ज किंवा निओफोर्ज असेल तर लॉग्जमध्ये ‘डीबग’ नावाची आणखी एक मोठी फाइल असते. मागितली तरच द्या.

गेम बंद पडल्यावर मी तो पुन्हा चालू केला. आता जुना लॉग गेला का?

गेला नाही, बाजूला ठेवला गेला. नवा खेळ सुरू झाला की आधीचा लॉग तारीख आणि क्रमांकाचं नाव देऊन दाबून ठेवला जातो. नावाच्या शेवटी जीझेड असतं. सेव्हन-झिपने तो उघडता येतो. एकाच दिवशी अनेकदा गेम चालू केला असेल तर त्या दिवसाच्या बऱ्याच फाइली असतील, तेव्हा फाइल बदलल्याची वेळ बघून निवडा. क्रॅश रिपोर्ट मात्र दर वेळी नवाच होतो, जुना पुसला जात नाही.

डीबग लॉगचं वेगळं आहे. त्याच्या जुन्या प्रती थोड्याच राहतात. म्हणून बंद पडला की आधी फाइली डेस्कटॉपवर कॉपी करा, मग काय ते प्रयोग करा.

गेम बंद पडत नाही, नुसता अडकतो. तरी लॉग उपयोगी आहे का?

आहे. अडकलेलं असतानाच टास्क मॅनेजरमधून बंद करा आणि लगेच लॉग उचला. ‘सर्व्हर मागे पडतोय का?’ अशा अर्थाच्या इशाऱ्याच्या ओळी त्यात वारंवार दिसल्या तर संगणकाला जगाचा हिशोब पेलवत नाहीये हे कळतं.

एक जाता जाता: एफ३ आणि सी ही दोन बटणं १० सेकंद दाबून धरली की गेम मुद्दाम कोसळतो आणि क्रॅश रिपोर्ट तयार करतो. ही सोय मुळात तपासणीसाठी आहे. पण आपण कुठे उभे आहोत ते कॉपी करायलाही हीच बटणं असल्यामुळे काहींचा हात जास्त वेळ राहतो आणि ‘आपोआप क्रॅश झाला’ अशी तक्रार येते. रिपोर्टच्या वर्णनातच तो हाताने घडवल्याचं लिहिलेलं असतं.

मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर चालेल ना?

नाही. लॉग हजारो ओळींचा असतो, फोटोत चाळीस येतात, त्याही तिरक्या. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं आणि अक्षरं पुसट होतात. बघणाऱ्याला मजकुरात शब्द शोधायचा असतो, तो फोटोत शोधता येत नाही.

मी लाल रंगातल्या ओळी तेवढ्या कॉपी करून पाठवल्या. तरी पूर्ण लॉग मागताहेत.

बरोबर मागताहेत. शेवटची लाल ओळ बहुतेक वेळा परिणाम सांगते, कारण वर असतं. समजा एका मॉडला गेम सुरू होताना हवी ती फाइल सापडली नाही. ते तिथेच, पहिल्या काही सेकंदांत, एक ओळ लिहून गप्प बसतं. पुढे दुसरं मॉड त्याच्यावर विसंबून काही करायला जातं आणि तोंडावर आपटतं. लाल अक्षरांत दुसऱ्याचं नाव येतं. तुम्ही दुसरं मॉड काढता, मग तिसरं पडतं, आणि असं करता करता अर्धा मॉडपॅक रिकामा होतो.

एरर सांगताना जावा आतून बाहेर अशी लांबलचक उतरंड लिहिते. तिच्यात ‘कॉज्ड बाय’ असे शब्द असलेल्या ओळी एकाखाली एक येतात. त्यातली सगळ्यांत खालची ओळ मुळाच्या जास्त जवळची असते. पण नेमकी तीच ओळ कापून पाठवलीत तर तिच्या आधी काय घडलं ते हरवतं. म्हणून पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत, अख्खा. निवडण्याचं काम बघणाऱ्यावर सोडा.

एवढी मोठी फाइल पाठवू कशी?

माइनक्राफ्टच्या लॉगसाठी एमसीएलओ डॉट जीएस हे संकेतस्थळ सगळ्यांत सोयीचं. लॉग उघडा, कंट्रोल आणि ए, मग कंट्रोल आणि सी; तिथे चिकटवा, सेव्ह करा, आणि मिळालेला दुवा पाठवा. खातं काढावं लागत नाही. आयपी पत्ते ते आपोआप झाकतं, ओळींना क्रमांक देतं आणि नेहमीचे दोष ओळखून वरती दाखवतंसुद्धा. क्रमांकांचा फायदा असा की समोरचा ‘२१४ वी ओळ बघा’ म्हणू शकतो.

गिटहबवर खातं असेल तर गिस्ट ही तिथली मजकूर ठेवायची सोय चांगली. पेस्टबिन चालतं, पण लॉग फार मोठा असेल तर ते घेत नाही. डिस्कॉर्डवर फाइल जोडा. मजकूर संदेशात चिकटवू नका, कारण एका संदेशाची मर्यादा २००० अक्षरांची आहे. व्हॉट्सअ‍ॅपशिवाय गत्यंतर नसेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. समोरच्याच्या फोनवर उघडत नसेल तर नावाच्या शेवटचं लॉग बदलून टीएक्सटी करा.

गूगल ड्राइव्हवर ठेवलात तर दुवा असलेल्या कोणालाही बघता येईल अशी परवानगी द्या. ‘परवानगी मागा’ असा दरवाजा दिसला की फुकट मदत करणारा माणूस पुढच्याकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

माझी खासगी माहिती त्यात असते का?

काही असते, आणि ती बघूनच पुढे द्यावी.

सगळ्यांत जास्त वेळा दिसतं ते विंडोजच्या खात्याचं नाव. फाइलींच्या पत्त्यांत ते पानोपानी येतं. संगणक घेताना दुकानदाराने किंवा वडिलांनी पूर्ण नाव-आडनाव टाकलेलं असतं, आणि ते जगभर जातं. दुसरं, खेळाडूचं नाव आणि त्याचा ओळख क्रमांक. हे तसं सार्वजनिकच असतं. तिसरं, तुम्ही ज्या सर्व्हरवर गेलात त्याचा पत्ता. मित्राच्या घरचा सर्व्हर असेल तर तो पत्ता त्याच्या घरच्या इंटरनेटचा आहे, त्याला न विचारता देऊ नये. चौथी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: गेममधल्या गप्पा. चॅटमध्ये आलेली प्रत्येक ओळ लॉगमध्ये उतरते. मित्राशी झालेलं भांडण, कुणाचा फोन नंबर, सर्व्हरच्या लॉगिनसाठी टाइप केलेला संकेतशब्द चुकून चॅटमध्ये गेला असेल तर तोही.

खरा धोका पाचव्याचा. गेम सुरू करताना लाँचर त्याला एक लांबलचक टोकन देतो. तुम्ही मायक्रोसॉफ्ट खात्याने आत आलात याचा तो तात्पुरता पुरावा. चांगले लाँचर तो लॉगमध्ये झाकतात. पण जावाच्या एचएस-ईआरआर फाइलमध्ये गेम कोणत्या आदेशाने सुरू झाला ती सगळी ओळ येऊ शकते, टोकनसकट. ‘अ‍ॅक्सेस टोकन’ हे शब्द फाइलमध्ये शोधा. त्यापुढे ई, वाय, जे या अक्षरांनी सुरू होणारी अगम्य अक्षरांची माळ दिसली तर ती काढा. चुकून गेलीच तर दुवा काढून टाका आणि मायक्रोसॉफ्ट खात्यातून सगळीकडून साइन आउट करा. असं टोकन साधारण २४ तासांत आपोआप निकामी होतं, पण तेवढ्यावर विसंबू नका.

मग झाकायचं कसं?

आधी प्रत काढा. नोटपॅडमध्ये ती उघडून कंट्रोल आणि एच दाबा, तुमचं नाव टाका, त्याजागी ‘एक्सएक्स’ टाका, सगळीकडे बदला. ओळीच्या ओळी उडवू नका. ओळ गेली की क्रम तुटतो. नाव झाकताना त्यात मराठी अक्षर किंवा मोकळी जागा होती का, ते मात्र सांगा. का, ते पुढच्या उत्तरात.

माझं विंडोजचं नाव देवनागरीत आहे. त्याने काही बिघडतं का?

बिघडू शकतं, आणि मराठी घरांतून येणाऱ्या लॉगमध्ये हे आधी तपासावं. विंडोज स्वतः देवनागरी नाव नीट सांभाळतं. पण काही मॉड आणि काही जुन्या लायब्ररी फाइलीचा पत्ता फक्त इंग्रजी अक्षरांत असेल असं धरून चालतात. पत्त्यात देवनागरी आलं की त्यांना फाइल सापडत नाही. लॉगमध्ये खात्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग किंवा विचित्र चिन्हं दिसतात, आणि पाठोपाठ ‘फाइल नाही’ अशी तक्रार. सगळं जागच्या जागी असताना ‘नाही’ म्हणत असेल तर इथेच संशय घ्या. हीच अडचण जपानी, रशियन नावांनाही येते.

सेटिंगमध्ये जाऊन दिसणारं नाव बदलल्याने काही होत नाही, कारण यूजर्सखालचं फोल्डर जुन्याच नावाने राहतं. सोपा उपाय म्हणजे सी किंवा डी ड्राइव्हवर थेट इंग्रजी नावाचं एक फोल्डर करून लाँचरच्या सेटिंगमध्ये गेमची जागा तिथे वळवणं. प्रिझमसारखा लाँचर असेल तर तो अख्खाच तिथे ठेवता येतो. तरी अडलं तर इंग्रजी नावाने नवं खातं काढणं हाच मार्ग उरतो.

लॉगमधली वेळ माझ्या घड्याळाशी जुळत नाही.

तुमच्या संगणकावरचा लॉग तुमच्या घड्याळाने चालतो. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचा मात्र बहुधा यूटीसीवर असतो, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे. रात्री ९:१० ला सगळे बाहेर फेकले गेले असतील तर सर्व्हरच्या लॉगमध्ये १५:४० च्या आसपास शोधा. दुबईत किंवा न्यू जर्सीत बसलेल्या भावंडांबरोबर खेळत असाल तर वेळ सांगताना कुठली ते सांगा.

लॉग वाचून मला स्वतःला काही कळेल का?

काही गोष्टी नक्की. चार-पाच खुणा ओळखता आल्या तर निम्म्या वेळा कुणाला विचारावंच लागत नाही.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ दिसलं तर जावाची आवृत्ती चुकली. तिथे एक आकडा असतो: ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. माइनक्राफ्ट १.१६.५ पर्यंत जावा ८ वर चाले, १.१७ ला १६ लागू लागली, १.१८ पासून १७, आणि १.२०.५ पासून २१. अधिकृत लाँचर योग्य ती जावा स्वतःच आणतो. गडबड होते ती हाताने उभारलेल्या सर्व्हरवर किंवा कुणीतरी व्हिडिओ बघून जावाचा पत्ता बदललेला असतो तिथे.

‘आउट ऑफ मेमरी’ म्हणजे गेमला दिलेली मेमरी संपली. संगणकात ८ जीबी असेल तर गेमला ४ द्या. आठच्या आठ देणारे विंडोजलाच उपाशी मारतात आणि मग सगळंच अडकतं.

‘रिक्वायर्स’ हा शब्द मॉडच्या नावापुढे दिसला तर त्याला दुसरं मॉड किंवा दुसरी आवृत्ती हवी आहे. फॅब्रिक आणि फोर्ज दोघेही हे बऱ्यापैकी स्पष्ट सांगतात, लोक वाचत नाहीत एवढंच.

एचएस-ईआरआर फाइलमध्ये ‘प्रॉब्लेमॅटिक फ्रेम’ नंतर एका फाइलचं नाव येतं. ते आयजी या अक्षरांनी सुरू होत असेल तर इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर, एटीआयओ असेल तर एएमडीचा, एनव्हीओजीएल असेल तर एनव्हिडियाचा. जुन्या लॅपटॉपवर इंटेलवालं फार दिसतं. ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअर टाळा.

आणि पिवळ्या इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. मोठा मॉडपॅक व्यवस्थित चालत असतानाही शेकडो इशारे लिहितो.

लॉगमधून व्हायरस येऊ शकतो का?

साधी मजकुराची फाइल उघडून काही होत नाही. पण ‘हा घे माझा लॉग’ म्हणून कुणी ईएक्सई किंवा जार पाठवत असेल तर तो लॉग नव्हे.

तरी लॉगने एकदा खरंच जगाला घाम फोडला होता. लॉग लिहायला माइनक्राफ्ट जी लायब्ररी वापरतं, लॉगफोरजे, तिच्यात डिसेंबर २०२१ मध्ये भयंकर छिद्र उघड झालं: विशिष्ट मजकूर लॉगमध्ये उतरला की दुसऱ्याच्या संगणकावर परका कोड चालवता येत असे. माइनक्राफ्टमध्ये तर त्यासाठी चॅटमध्ये एक ओळ टाइप करणं पुरेसं होतं. १० डिसेंबरला आलेल्या १.१८.१ मध्ये ते बुजवलं गेलं. त्याआधीच्या आवृत्त्या अधिकृत लाँचर दुरुस्त करून देतो. अनोळखी ठिकाणाहून उचललेला जुना सर्व्हर चालवणाऱ्यांनी मात्र सांभाळावं.

माझा मुलगा खेळतो. त्याच्याकडे कुणीतरी लॉग मागतंय. द्यायचा का?

वरचं झाकून झालं असेल तर खुशाल द्या. पण मदतीसाठी फाइलींपलीकडे काही लागत नाही. संकेतशब्द, मेलवर आलेला कोड, किंवा ‘एनीडेस्क (दुरून संगणक हाताळायचं अ‍ॅप) टाक, मीच बघतो’ अशी मागणी आली तर तिथेच बोलणं थांबवा. डीएमपी प्रकारची डंप फाइलही अनोळखी माणसाला देऊ नका. तिच्यात त्या क्षणी गेमच्या मेमरीत असलेलं काहीही असू शकतं. ती फक्त गेम बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत मार्गानेच जावी.

लॉगबरोबर आणखी काय लिहू?

असं काहीतरी पुरतं:

‘माइनक्राफ्ट १.२०.१, फोर्ज, प्रिझम लाँचर. विंडोज ११, ८ जीबी रॅम. काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. आज नकाशाचं एक मॉड टाकलं. आता जग उघडताना बार भरतो आणि गेम बंद होतो, दर वेळी. ते मॉड काढून बघितलं, तरी तसंच. नवं जग उघडतं. लॉग आणि क्रॅश रिपोर्टचे दुवे खाली.’

बघा, यात ‘शेवटचं चालत होतं तेव्हापासून काय बदललं’ आहे, ‘दर वेळी की कधीकधी’ आहे, आणि ‘नवं जग उघडतं’ आहे. हे शेवटचं लॉग सांगू शकत नाही, आणि त्यानेच संशय मॉडवरून त्या एका जगाकडे सरकतो. ‘प्लीज हेल्प, अर्जंट’ याने काही सरकत नाही.

मॉड टाकलेले असतील तर माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजँगच्या बग नोंदवहीत तक्रार टाकू नका, ती बंद केली जाते. ज्या मॉडचा दोष दिसतो त्याच्या लेखकाकडे जा, तेही त्या मॉडची नवीनतम आवृत्ती वापरून बघितल्यावर.

मोबाइलवरच्या गेमचा लॉग कसा काढू?

खरं सांगायचं तर सहसा काढू नका. अँड्रॉइड ११ पासून दुसऱ्या अ‍ॅपच्या डेटा फोल्डरमध्ये शिरणं कठीण झालं आहे. बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात आणि तिथून बग रिपोर्ट घेता येतो, पण त्यात फक्त गेमची नाही, अख्ख्या फोनची माहिती असते. तो कुठल्याही गटात टाकायची वस्तू नाही. गेमच्या सेटिंगमधला मदतीचा पर्याय वापरा. लागणारी माहिती तिथून जाते.

दुसऱ्या गेमचे लॉग कुठे?

गेम कशावर बनलाय त्यावर अवलंबून. युनिटीवर बनलेले गेम अ‍ॅपडेटाच्या आत लोकललो फोल्डरात, कंपनीच्या आणि मग गेमच्या नावाखाली ‘प्लेयर’ नावाचा लॉग ठेवतात. त्याआधीच्या खेळाचा ‘प्लेयर-प्रीव्ह’. इथे फक्त हे दोनच राहतात, त्यामुळे दोनदा गेम चालू केलात की मूळ लॉग खरोखरच गेला. रिमवर्ल्ड खेळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अनरियलवर बनलेले गेम बहुधा अ‍ॅपडेटाच्या लोकलमध्ये, गेमच्या नावाखाली सेव्ह्ड आणि त्यात लॉग्ज. फॅक्टोरिओ अ‍ॅपडेटामधल्या आपल्या फोल्डरात ‘करंट’ आणि ‘प्रीव्हियस’ असे दोन ठेवतं. सिम्स ४ डॉक्युमेंट्समध्ये ‘लास्ट एक्सेप्शन’ लिहितं. स्टारड्यू व्हॅलीला मॉड चालवण्यासाठी एसएमएपीआय हे सॉफ्टवेअर लागतं. त्याच्या संकेतस्थळावर लॉग चढवायची स्वतःची सोय आहे, आणि ती फार नीट केलेली आहे.

वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्याकडे वळवलं असेल तर सिम्ससारख्या गेमच्या फाइली वनड्राइव्हच्या आत शोधा.

लॉगच तयार होत नाहीये.

मग गेम सुरूच झालेला नाही, लाँचरच्या पातळीवर अडलंय. डॉट-माइनक्राफ्टमध्ये ‘लाँचर लॉग’ नावाची टीएक्सटी फाइल बघा. लाँचरने एक्झिट कोड दाखवला असेल तर तो वजा चिन्हासकट जसाच्या तसा कळवा. नुसता १ फारसं सांगत नाही, पण वजा १०७३७४१८१९ आला तर गेमने मनाई असलेल्या मेमरीला हात लावला हे कळतं आणि तपास ड्रायव्हरकडे वळतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अ‍ॅप्लिकेशन या भागात त्याच वेळेची १००० क्रमांकाची लाल नोंद मिळाली तर तिचा मजकूर कॉपी करा. सी ड्राइव्ह गच्च भरला नाही ना, तेही बघा. भरलेल्या ड्राइव्हवर लॉग तरी कुठे लिहिणार?

काम झाल्यावर हे सगळं पुसून टाकलं तर चालेल?

लॉग्ज आणि क्रॅश-रिपोर्ट्स ही दोन फोल्डर बिनधास्त रिकामी करा, गेम पुन्हा बनवतो. चढवलेले दुवे काढता येत असतील तर काढा. शेजारच्या ‘सेव्हज’ला हात लावू नका, तुमची सगळी जगं त्यात आहेत.